चूल कोणाची, ते आधी ठरव

काल फोनवर तू इतक्या घाईनं बोललीस की निम्मं मला नीट कळलंच नाही. एवढं समजलं, की अंगणवाडीच्या ताई वही घेऊन घरी आल्या, घरात कोण कोण राहतं, दारातली गाडी कोणाची असं विचारलं, आणि तू तोंड उघडायच्या आत वहिनीनं सगळी उत्तरं देऊन टाकली. वर कुठल्याशा एजंटानं तुला गाठलंय. तो म्हणतो, लाडकी बहीण चालू ठेवू, शिवाय संजय गांधीही लावून देतो, फक्त तीन हजार द्या. बाई गं, त्या माणसाला आधी हात जोडून वाटेला लाव. मग निवांत बस आणि मी काय सांगते ते ऐक.

तुला वाटतंय कोणीतरी चुगली केली. केलीही असेल, निनावी अर्ज टाकणारे आपल्या मुकुंदवाडीत काही कमी नाहीत. पण ही तपासणी सगळ्यांचीच चाललीय. लाडकी बहीण योजना आली जून २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, आणि तेव्हा अर्ज भराभर मंजूर झाले. चाळणी मागाहून लागली. २०२५ च्या जूनपासून राज्यात २६ लाख ३४ हजार अर्जदारांचे पैसे थांबवले. त्यात कोणी दोन-दोन योजना घेत होतं, कुठं एका घरातून दोनपेक्षा जास्त अर्ज होते, आणि काही ठिकाणी तर बाप्यांनीच अर्ज भरले होते! हसू येतं, पण या दादल्यांपायी खऱ्या गरजू बायकांना पुन्हा पुन्हा कागद दाखवत बसावं लागलं. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंवर राग धरू नकोस. त्यांना वरून यादी आली, त्या दारोदार फिरल्या.

आता मुद्द्याचं. मदत बाईच्या नावानं येते, पण नियम बाईकडं एकटीकडं बघतच नाही. तो तिच्या कुटुंबाकडं बघतो. उत्पन्न कुटुंबाचं, गाडी कुटुंबाची, नोकरी कुटुंबातल्या कोणाची. म्हणून तुझं पहिलं काम हे, की कागदावर तू कोणाच्या घरात मोजली जातेस ते नक्की करणं. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं, एवढंच. तुझे मालक गेले, म्हणजे तुझं कुटुंब तू आणि दोन लेकरं. दादाच्या दारात उभी असलेली ती जुनी व्हॅन तुझ्या कुटुंबाची नव्हे. पण वहिनी काय म्हणाली? "आम्ही सगळे एकत्रच आहोत, गाडी आमचीच." प्रेमानं म्हणाली, मला माहीत आहे. वहीत मात्र प्रेम लिहीत नाहीत, 'चारचाकी आहे' एवढंच लिहितात. उद्या जाऊन त्या ताईंना सांग, की मी विधवा आहे, भावाच्या आसऱ्याला राहते, गाडी भावाच्या नावावर आहे, आरसी बुकाची झेरॉक्स ही घ्या. शांतपणे सांग. भांडायला गेल्यासारखी जाऊ नकोस.

चौकशीला कोणीही येवो, अंगणवाडीच्या ताई, तलाठी, नाहीतर पुरवठ्याचा माणूस, प्रश्न फिरून फिरून तिथंच येतो: चूल एक की वेगळी? तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण प्रश्न तोच जुना आहे. तू वरच्या खोलीत वेगळी शेगडी मांडून करतेस का? तसं असेल तर तसं सांग. आणि वहिनीच्या पातेल्यातलं खात असशील तर तेही सांग, त्यात लाज कसली. विधवा बहीण भावाकडं जेवली म्हणून ती भावाच्या उत्पन्नाची मालकीण होत नाही. गोंधळ होतो तो खोटं बोलल्यावर. आज म्हणायचं वेगळी आहे, पंधरा दिवसांनी दुसरा कोणी आला की म्हणायचं एकत्र आहोत, आणि मग दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात.

दादा म्हणतोय ना, तुमच्या तिघांची नावं माझ्याच रेशन कार्डावर चढवू, सोयीचं होईल? नको. इथं मी ठाम आहे. त्याच्या कार्डावर गेलीस की कागदोपत्री त्याच्या कमाईच्या सावलीत गेलीस, आणि मग प्रत्येक चौकशीत तुला दादाचा पगार सांगत बसावं लागेल. तुझं वेगळं कार्ड काढ, कुटुंबप्रमुख म्हणून तुझंच नाव. त्यासाठी आधी वैजापूरकडच्या सासरच्या कार्डातून तुमची तिघांची नावं कमी करावी लागतील आणि नाव कमी केल्याचा दाखला तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून घ्यावा लागेल. तो दाखला असल्याशिवाय इथं कोणी हात लावणार नाही.

आणि इथंच दीर आडवा का येतोय ते तुला कोणी सांगितलं नसेल. सासरचं कार्ड केशरी, आणि घर शेतकऱ्याचं. आपल्या मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये धान्याऐवजी पैसे सुरू झाले, माणशी महिन्याला १५० रुपये, पुढच्या वर्षी ते १७० झाले. ते जातात कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या. तुमच्या तिघांचे होतात ५१०. नावं कमी झाली की तेवढे तिकडून कमी. दिराची कुरकुर त्या ५१० ची आहे, तू घर सोडलंस याची नव्हे. समजून घे, पण त्यासाठी नावं तिथं अडकवून ठेवू नकोस. लेकरं इथं शाळेत आहेत, तू इथं राबतेस, कार्ड इथंच हवं.

दिराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. सातबारा. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे की तुझ्या मालकांच्या हिश्शाला आली होती, ते बघून घे. ऑनलाइन उतारा निघतो. मालकांचं नाव असेल तर तुझी आणि लेकरांची वारसनोंद गाव नमुना ६-क मध्ये व्हायला हवी, तिचा अर्ज तलाठ्याकडं. "सही करून दे वहिनी, नुसती कागदाची सोय आहे," असं म्हणत कोणी हक्कसोडपत्र पुढं केलं तर पेन हातात धरू नकोस. चहा पी, नमस्कार कर आणि निघून ये. जमीन तुझ्या नावावर आली तर योजनेचे पैसे बंद होतील ही भीती कोणी घातलीय तुला? ऐक. पाच एकरांची अट सुरुवातीला होती, ती काढली. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याचे हजार. ते मिळायला लागले तर लाडकी बहीणचे १५०० ऐवजी ५०० येतात. बेरीज कर, वर्षाचे १८,००० ते १८,०००च. पैशात काही जात नाही, जमीन मात्र हातात राहते.

आता त्या एजंटाचं. संजय गांधी निराधार योजना जुनी, १९८० पासूनची. निराधार विधवा, दिव्यांग, पोटगी न मिळणारी घटस्फोटित, पस्तिशी उलटलेली अविवाहित बाई, दुर्धर आजाराचे रुग्ण, असे कितीतरी त्यात बसतात. विधवेला महिन्याचे १५०० रुपये. लाडकी बहीणचेही १५००. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे पैसे घेणारीला लाडकी बहीण मिळत नाही, हा नियमच आहे. २०२५ च्या सुरुवातीला ज्यांची नावं उडाली त्यात दोन लाखांहून जास्त बायका याच होत्या, संजय गांधीचे पैसे घेणाऱ्या. आता दोन्हींचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा लपवायचं कुठं? एजंट तीन हजार घेऊन जाईल, आणि नाव तुझं कटेल.

तू म्हणशील, मग दोन्हींतलं कुठलं धरू? संजय गांधीची उत्पन्नाची अट बघ: कुटुंबाचं वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगाला ५०,००० पर्यंत सवलत आहे, तुला नाही. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. अडुसष्ट दिवस खडी फोडली की बाई नियमातून बाहेर! उरलेले दोनशे सत्त्याण्णव दिवस तिनं काय खायचं, ते शासन निर्णयात लिहिलेलं नाही. मला या आकड्याचा राग येतो. कारण त्यानं होतं काय, तर प्रामाणिक बाई घरी बसते आणि जिला कोणीतरी वीस हजारांचा दाखला काढून देतो ती रांगेत पुढं जाते. राग आला तरी तू तो रस्ता धरू नकोस. तू चिकलठाण्याला पॅकिंगला जातेस, महिन्याला आठ-नऊ हजार हातात पडतात. गेल्या वर्षी मोठ्याच्या शाळेसाठी तूच उत्पन्नाचा दाखला काढलास, त्यावर लाखाच्या आसपासचा आकडा आहे. त्याच तहसीलमधून आता २१,००० च्या आतला दाखला मागणार? लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे. तिथं तू खरं बोलून बसतेस, आणि रक्कम तेवढीच. नवीन अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाले. तुझं नाव आत आहे, ते सांभाळ. ई-केवायसीचं मात्र पक्कं बघ. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली तेव्हा नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागत होते, आणि ज्यांचे दोघंही नाहीत त्या बायका नुसत्या ओटीपीची वाट बघत बसल्या. मग त्यांच्यासाठी वाट काढली, की मृत्यूचा दाखला अंगणवाडीच्या ताईंकडं द्यायचा. मालकांचा दाखला तू दिलायस का? दिल्याची पोच आहे का? पोच नसेल तर दिला नाही असंच समज.

मृत्यूच्या दाखल्यावरून आठवलं. मालक घाटी दवाखान्यात वारले. म्हणजे नोंद गावच्या ग्रामपंचायतीत नसते, जिथं माणूस गेला तिथली असते, इथं महापालिकेकडं. तू उगाच गावाला ग्रामसेवकाकडं चकरा मारत होतीस. आणि दाखला हातात आला की आधी नाव वाच, घड्या पाडून पिशवीत टाकू नकोस. आपल्याकडं घाईघाईत दवाखान्यात नेतात, केसपेपरवर घरातलं नाव सांगतात, 'बाळू'. आधारवर 'बाळासाहेब' आणि पुढं वडिलांचं नाव. मग दाखला निघतो बाळूचा, आणि बाळासाहेब सरकारदरबारी जिवंत राहतात. बायको विधवा ठरतच नाही! असं झालं असेल तर आधार आणि दवाखान्याचे कागद जोडून त्याच नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज कर. सगळ्या योजना या एका कागदाच्या खुंटीला टांगलेल्या आहेत.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनाही बघून ठेव. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकरकमी २०,००० रुपये, पण घर दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं. गावाकडची ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. तेव्हा तू परकर-पोलक्यात होतीस. सासऱ्यांचं नाव असेल त्यात तर बघ, विचारायला काय जातं.

खरा जीव लाव तो लेकरांच्या योजनेला. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती लागू आहे, अठरा वर्षांपर्यंत, आणि २०२३ पासून एका लेकराला महिन्याला २,२५०. ही महिला व बालविकास खात्याची, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं, आणि मंजुरी बाल कल्याण समितीची. तहसीलच्या खिडकीवर उभी राहून विचारशील तर तिथला माणूस म्हणेल, असलं काही नाही. त्याच्या खिडकीत नाही, एवढंच त्याचं खरं.

इथं गृहचौकशी होते. घरी येणारी कार्यकर्ती पोरगीच असते बहुधा, पायरीपाशी चप्पल काढते, हातात फॉर्मची चळत. ती काय बघते? लेकरं कुठं झोपतात, अभ्यासाला कुठं बसतात, शाळेत नाव आहे का, आजारपणात कोण बघतं, तू कामाला गेल्यावर घरी कोण. ती तुझं दारिद्र्य मोजायला येत नाही, लेकरं या घरात नीट वाढतील का ते बघायला येते. म्हणून घर मुद्दाम विसकटून ठेवू नकोस. आपल्या बायका करतात तसं, टीव्हीवर चादर टाकतात, गादी लपवतात. का? टीव्ही दादाचा आहे, सांग दादाचा आहे म्हणून. पोरांना पढवून ठेवू नकोस. तुझा धाकटा आधीच बडबड्या, तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "मम्मीनं सांगितलंय असं सांगायचं." आणि वहिनीला आधीच गोड बोलून ठेव, की त्या वेळेला मीच बोलेन. शाळेचा बोनाफाईड, तिघांचे आधार, मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पासबुक, मुलांसोबतचा तुझा फोटो, सगळं एका पारदर्शक फायलीत ठेव. मूळ कागद कोणाच्याही हाती द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे.

जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर, म्हणून घाबरली होतीस ना? नाव २०२३ मध्ये बदललं, त्याआधीचे कागद रद्द झाले नाहीत. तुझ्या आधारवर सासरचा पत्ता आहे, ती अडचण त्याहून मोठी. भाडेकरार नाही, लाइटबिल दादाच्या नावावर. तरी आधारवरचा पत्ता आधी बदलून घे.

सासूबाईंचंही बघ गं. त्या ६५ च्या पुढं गेल्यात, श्रावणबाळ योजनेत बसतील. उत्पन्नाची अट तीच २१,००० ची, पण शेती कोरडवाहू आणि त्यांच्या हातात काहीच नाही, तिथं ती निदान खरी ठरेल. वयाचा पुरावा ही त्यांची अडचण, शाळेत गेल्याच नाहीत. सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला चालतो. दर वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयात असल्याचं दाखवून यायचं, नाहीतर पैसे गपकन थांबतात आणि म्हातारी माणसं बँकेच्या पायरीवर बसून राहतात. दिराला सांग, हे १५०० सुरू झाले तर त्या ५१० चं दुःख कमी होईल.

'अपात्र' शिक्का बसला तर? आपल्या भागात हा शब्द फार जड आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की २००६ च्या नियमानं एक लाखाची मदत आहे, त्यासाठीही चौकशी होते: जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं होतं का, फेडीचा तगादा होता का. बटईनं दुसऱ्याची जमीन कसणारा, नातेवाइकांकडून उसने घेतलेला माणूस गेला तर घर अपात्र. माणूस तर गेलाच ना! त्या घरातल्या बाईनं काय करायचं? तीही निराधार विधवा म्हणून संजय गांधीत बसू शकते, एका खिडकीनं नाही म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नव्हे. हे तिला कोणी सांगतच नाही.

तेव्हा तोंडी 'नाही'ला 'नाही' समजायचं नाही. अर्ज दिला की पोचपावती, त्यावर शिक्का आणि तारीख. नामंजूर झाला तर कारण लेखी माग. कधी कारण इतकं क्षुल्लक असतं, खात्याला आधार जोडलेला नाही, नावात एक काना जास्त, की ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज जातो. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा असतो, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. काहीच कळेना तर माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर विचार, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये माफ. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं आधी खालच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच दाखवावी लागते. म्हणून म्हणते, पोच. आणि अशा दाखल्यांच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, ती फी २००४ पासून माफ आहे. तहसीलबाहेर जो कोणी "बॉन्ड आणा" म्हणेल त्याला शासनाचं पत्र दाखवायला सांग, बघ कसा गप्प बसतो.

उद्या सकाळी कामावर जायच्या आधी अंगणवाडीत जा. आरसीची झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला घेऊन जा, दोन्हींची पोच घे. बालसंगोपनचा फॉर्म आपण रविवारी माझ्याकडं बसून भरू, मोठ्याला घेऊन ये, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. वैजापूरला नाव कमी करायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, दादाला घे. आणि दिरानं हक्कसोडीचा विषय काढला तर सांग, ताईशी बोला. माझा नंबर त्याच्याकडं आहे.